ड्रमलॉनच्या बाजूचा माणूस

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज मी एक शब्द देऊन बसलो.

नीव मॅडम सकाळी ओट्यावर चहा घेत होत्या. त्या आयर्लंडच्या. आमच्या तेरला जमिनीत सापडलेली जुनी खापरं आणि मातीच्या मूर्ती यांचा अभ्यास करायला आल्या आहेत. गोठा पाडून मी दोन खोल्या बांधल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत त्या सप्टेंबरपासून राहतात. माझ्या धंद्यातल्या पहिल्या पाहुण्या. पुण्यात वर्षभर मराठी शिकल्यामुळे त्या पुस्तकासारखं बोलतात. त्यांचं नाव इंग्रजीत लिहायचं तर 'व'चं अक्षर कुठंच येत नाही, शेवटी एम आणि एच येतात. मला चूक वाटली म्हणून मी पासपोर्ट पुन्हा मागून पाहिला. तसंच आहे.

"उत्तरेश्वर, वीस तारखेच्या रविवारी मी येथे नसेन. शनिवारी पुण्यास जाणार आहे," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. "खोलीत काही कमी आहे का मॅडम?"

"नाही, नाही. सामना आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं गाव बॅलिनार. तिथं हर्लिंग नावाचा खेळ खेळतात. टोकाला चपटी असलेली काठी, तिनं चेंडू मारायचा, जमलं तर चेंडू काठीवर तोलत पळायचं. बॅलिनार आणि शेजारचं ड्रमलॉन यांच्यात जिल्ह्याची शेवटची लढत आहे. मॅडमचा धाकटा भाऊ गोल राखतो. मॅडमच्या जन्मापासून त्यांचं गाव ही लढत जिंकलेलं नाही. त्या कुठल्याही देशात असल्या तरी अशा वेळी सामना बघायला जागा शोधतात. व्हिएतनामला न्हाव्याच्या दुकानात पाहिला, जॉर्जियात एका खाटकाच्या घरी. पुण्यात म्हणे एका हॉटेलात चार-पाच आयरिश माणसं जमतात.

"मोबाइलवर दिसत नाही का?" मी विचारलं.

"दिसतो. परंतु एकटीने पाहिला तर तो सामना नसतो, केवळ निकाल असतो. ओरडणारी माणसे हवीत."

पुढे त्या म्हणाल्या की पुण्यात त्यांच्या सरांना भेटून जानेवारीतल्या मंडळींच्या राहण्याचंही ठरवतील. जानेवारीत सहा जण येणार आहेत आणि उन्हाळा लागेपर्यंत राहणार आहेत. पुण्यात ठरलं की धाराशिवच्या एखाद्या मोठ्या हॉटेलचं नाव निघणार, हे मला तिथंच कळलं. माझ्याकडे खाली दोन खोल्या आणि वर बांधायला घेतलेल्या दोन. मॅडमची सोडली तर तिन्ही रिकाम्या.

मी म्हणालो, "सामना इथंच दाखवतो. ओरडणाऱ्या माणसांसकट."

आई भाकरी थापता थापता थांबली. "काय दाखवतो म्हणलास रं?"

"सामना."

"कुठं?"

ते अजून ठरायचं आहे. पण हातात घेतलेलं काम मी नीट करतो, एवढी मला स्वतःची खात्री आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

धाराशिवला जाऊन जागा पाहून आलो.

बसस्थानकाजवळच्या खानावळीत मोठा टीव्ही आहे. मालक गौरीशंकर ओळखीचा. त्याला खेळ समजावून सांगितला.

"काठ्या घेऊन पळत्यात? खेळ हाय का भांडण?"

"खेळ."

"बग भावा, क्रिकेट सोडून दुसरं लावलं की गिऱ्हाईक ताटावरनं उठतंय. आन् तुझ्या मॅडम एकट्याच वरडणार. लोकं जेवायचं सोडून त्यांच्याकडं बघत बसतील."

त्याचं बरोबर होतं. ती जागा सोडली.

गावाबाहेरच्या एका परमिट रूमचा पडदा सगळ्यात चांगला आहे. जनरेटर आहे, खुर्च्या पुसलेल्या होत्या. मी बाथरूम पाहिलं. दाराला आतून कडी नाही. ती जागाही सोडली.

घरी येऊन मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे अशाच ठिकाणी सामने पाहतात. कडी नसली तरी चालेल. मी आत गाणे म्हणेन."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. पाहुण्या बाईंनी आत आहोत हे कळावं म्हणून गाणं म्हणायचं, हे माझ्या धंद्यात बसत नाही.

मंगल कार्यालयातही गेलो होतो. त्या दिवशी तिथं साखरपुडा आहे. मॅनेजर म्हणाला, जेवणं उरकली की लावू तुमचं. ओरडणारी माणसं भरपूर असतील, पण ती वाढप्यांच्या नावानं ओरडतील.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसऱ्याच्या कुस्त्या झाल्या. आबा, म्हणजे माझे वडील आबाराव, गावच्या तालमीचे वस्ताद आहेत. मी गोठा पाडला तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. "गोठ्यात आता साहेब बांधणार हाय," असं त्यांनी त्या दिवशी आईला सांगितलं, मी समोर उभा असताना. तेव्हापासून आमचं सगळं आईमार्फत चालतं.

काल परंड्याहून एक पैलवान एकटाच आला होता. आबांचा नियम आहे की ज्याच्या बाजूनं कुणी नाही, त्याच्या बाजूनं गावातल्या एकानं बसायचं. त्याचा टॉवेल धरायचा, पाणी द्यायचं आणि त्याच्या नावानं ओरडायचं. समोर गावचा पैलवान असला तरी. काल माझा दोस्त बुद्धघोष बसला. समोर त्याचाच चुलतभाऊ होता. तरी बुद्धघोष असा ओरडला की आज त्याला खुणा करून चहा मागावा लागतोय. आईबरोबर बसून मॅडम हे सगळं बघत होत्या. कुस्तीपेक्षा बुद्धघोषकडेच त्यांचं जास्त लक्ष होतं.

दुसरी गोष्ट. मॅडमनी आपली हर्लिंगची काठी देशाहून आणली आहे. तिच्या चपट्या टोकाला चीर गेली होती. आज सकाळी पाहतो तर चिरेवर पत्र्याची पट्टी बसवलेली, बारीक खिळे मारलेले, कड घासून गुळगुळीत केलेली. मॅडम काठी उलटसुलट करून बघतच राहिल्या. त्यांच्या गावातही अगदी अशीच पट्टी मारतात म्हणे. लोहारानं केलं असणार, परवा तो कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आला होता. मी आभार मानायला गेलो तर तो नाही म्हणाला. काम करून नाकारणारा लोहार मी पहिल्यांदाच पाहिला.

आबांच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली आहे. काय लागलं ते मला विचारता येत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

बुद्धघोषचा घसा सुटला. तो लग्नाचं शूटिंग करतो आणि कुस्त्या नेटवर थेट दाखवतो. पडदा, प्रोजेक्टर, बॅटरी सगळं त्याच्याकडे आहे. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण मी जागा शोधण्यात गुंतलो होतो.

"पडद्याचं टेन्शन घेऊ नको. नेट कुठं घावतंय ते बगू," तो म्हणाला.

मोबाइल हातात धरून आम्ही दोघं सगळं गाव फिरलो. आमच्या ओट्यावर चित्र अडकतं. शाळेपाशी आवाज येतो, चित्र येत नाही. शेवटी तालमीच्या मागच्या भिंतीला, लिंबाच्या पारापाशी, चित्र पाण्यासारखं वाहायला लागलं.

"हितंच!" बुद्धघोष म्हणाला. "आता जा आन् इचार बापाला."

"तू विचार. तुझ्याशी बोलतात ते."

"सामना तुझा, मॅडम तुझ्या, बाप तुझा. माझा नुसता पडदा हाय."

१६ ऑक्टोबर, बुधवार

रात्री जेवताना विचारलं. आबा माझ्या शेजारच्याच ताटावर होते.

"आई, आबांना विचार, रविवारी तालमीपाशी सामना दाखवला तर चालेल का?"

"तुझ्या पोराला सांग, तालमीत मोबाइल चालत न्हाय."

"आई, सांग की मोबाइल नाही, पडदा आहे. आणि आत नाही, मागच्या भिंतीला."

"बाया येणार का, इचार त्याला."

"येतील."

"मंग पार झाडून कोण काढणार?"

"मी."

"मी काय तुमच्या दोघांची टपालपेटी हाय व्हय?" आई म्हणाली. "गपचीप जेवा."

आबांनी हात धुतला. मग दाराकडे बघत म्हणाले, "त्या पोरीचा भाऊ गोल राखतोय नव्हं? अंगानं कसा हाय?"

आईला माहीत नव्हतं. मी आईला सांगितलं की उंच आहे, पण बारीक. आबा "हं" म्हणाले आणि बाहेर गेले. 'हं' म्हणजे परवानगी की नाही, मला ठरवता येईना. आई म्हणते परवानगीच. भाऊ गोल राखतो हे आबांना कुठून कळलं, ते मात्र समजत नाही. आईनं सांगितलेलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पुण्याची गाडी मॅडमनी सोडली. "तुमच्यावर विश्वास ठेवते," एवढंच म्हणाल्या. आता काही बिघडलं तर त्यांचा पुण्याचाही सामना गेला आणि इथलाही. मग जानेवारीचं विचारायलाच नको. पण संध्याकाळी आम्ही सगळं लावून पाहिलं. चित्र स्वच्छ, आवाज लिंबापर्यंत. मी तीन ठिकाणी बसून पाहिलं, तिन्हीकडून दिसतं.

मॅडमना वडिलांचा फोन आला होता. लगेच संपला.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"पाऊस आहे म्हणाले. मी देश सोडल्यापासून आमच्यात हवामान तेवढे उरले आहे, काकू."

मी म्हणालो, हवामान कळलं ते बरं झालं, मैदान ओलं असणार. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. आई हसली नाही.

२० ऑक्टोबर, रविवार, दुपार

पार झाडायला गेलो तर आधीच झाडून सडा मारलेला. वर सतरंज्याही घातलेल्या. बुद्धघोषला विचारलं, तो म्हणाला, "म्या अजून तोंड धुतलेलं न्हाय."

माझ्या बाजूनं सगळं तयार आहे.

२० ऑक्टोबर, सामन्यानंतर

क्रमानं लिहितो, नाहीतर काही राहून जाईल.

साडेसातच्या आधीच पार भरला. आईनं मॅडमना खुर्ची दिली. त्या खुर्ची सोडून सतरंजीवर बायकांत जाऊन बसल्या. अंगात बॅलिनारचा हिरवा शर्ट. तेवढ्यावरून सगळ्या गावानं ठरवलं की आपण हिरवे. मी खेळ समजावून सांगितला. दोन उभ्या खांबांमधून, आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर तीन. पडद्यावर मैदान आलं, ओलंच होतं. मॅडमचा भाऊ दिसला तशी हलगी कडाडली आणि लोक उभे राहिले.

आबाही उठले. हलगी थांबली.

"ती लाल शर्टाची पोरं कुणाची?"

"ड्रमलॉनची," मॅडम म्हणाल्या.

"त्यांच्या बाजूनं हितं कोण हाय?"

सगळे मॅडमच्या हिरव्या शर्टाकडे बघायला लागले.

"मंग ही लढत न्हाय. सत्कार हाय." आबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "उत्तऱ्या, तू बस."

मी आईकडे पाहिलं.

"तिच्याकडं काय बगायलास? तुला म्हणलो."

"आबा, अहो पाहुण्या आहेत त्या आपल्या..."

"म्हणूनच. तिला लढत बघायचीय का आरती ववाळून घ्यायचीय?"

मी टॉवेल आणि पाण्याचा तांब्या घेऊन पडद्याच्या डाव्या बाजूला एकटा बसलो. समोर सगळं गाव. ड्रमलॉननं पहिला गुण घेतला तेव्हा मी "शाब्बास" म्हणालो.

"पडल्या आवाजात बसायचं असंल तर ऊठ," आबा म्हणाले. "बसलास तर नीट बस."

पुढच्या गुणाला मी उभा राहून ओरडलो. मॅडम गर्रकन वळल्या. आधी आपल्या भाषेत काहीतरी बोलल्या, मग मराठीत. "तो गुण नव्हता! चेंडू खांबाच्या बाहेरून गेला!"

"पंचांनी दिलाय मॅडम!"

"पंच आंधळा आहे!"

बायका हसून एकमेकींवर पडल्या. आई ओरडली, "घरी ये तू, भाकर न्हाय तुला आज!"

"ड्रमलॉनला जाऊन जेवीन!" मी म्हणालो. हे मला कसं सुचलं माहीत नाही. एरवी मला उत्तर दुसऱ्या दिवशी सुचतं.

मध्यंतरापर्यंत बॅलिनार पुढे होतं. मॅडमच्या भावानं एक चेंडू छातीवर घेतला तेव्हा आबांच्या तोंडून "बेस!" गेलं, आणि ते माझ्यापेक्षा मोठ्यानं होतं. उत्तरार्धात ड्रमलॉन चढत गेलं. खेळ संपत आला, बॅलिनार एकाच गुणानं पुढे, आणि गावातली लाइट गेली.

पडदा बॅटरीवर होता, तो चालूच राहिला. पण चित्र एका जागी थिजलं. बुद्धघोष मोबाइल वर धरून पारावर चढला, लिंबावर चढला. "टॉवरच बसला की!" म्हणाला. शब्द दिला होता तो इथंच गेला, असं वाटलं.

मॅडमच्या फोनची कंपनी दुसरी आहे. त्यावर चित्र येत नव्हतं, पण बोलणं जात होतं. त्यांचे वडील मैदानावर होते. मॅडमनी त्यांना फोन लावला आणि कान दाबून ऐकत उभ्या राहिल्या.

"पडदा कशाला पायजे?" आबा म्हणाले. "आमी रेडिओवर कुस्त्या ऐकल्यात. बोल पोरी."

मग मॅडम बोलायला लागल्या. त्यांचे वडील तिकडे सांगत होते आणि त्या इकडे. "चेंडू ड्रमलॉनकडे. मधून येत आहेत. मारला! ...अडवला! माझ्या भावाने अडवला!" हलगी. "पुन्हा ड्रमलॉन. वरून गेला. बरोबरी." मी ओरडलो. अंधारात माझा एकट्याचा आवाज मलाच परका वाटला. मग मॅडम बराच वेळ नुसत्याच ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा फोनच्या उजेडात दिसत होता.

त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी आम्हाला खरं-खोटं कळलं नसतं.

"ड्रमलॉन," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "वरून. एक गुण. ...संपला."

हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. मला गप्प राहावंसं वाटत होतं. पण मी बसलो होतो ड्रमलॉनच्या बाजूनं आणि तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी टॉवेल उडवून, घसा फाटेपर्यंत ओरडलो.

जिंकलेल्याच्या बाजूनं बसलेल्या माणसाला तालमीत फेटा आणि नारळ मिळतो. आबांनी फेटा स्वतः बांधला. चिंधीच्या अंगठ्यानं पीळ घट्ट केला.

"घसा गेला का?"

"व्हय," मी म्हणालो. तेवढाच निघाला.

"मंग नीट बसलास."

मॅडम लिंबाखाली फोनवर बोलतच होत्या. लोक गेले, आम्ही पडदा उतरवला, सतरंज्या गुंडाळल्या, तरी त्या बोलत होत्या. मधेच रडल्यासारख्या वाटल्या, मधेच हसल्या. सामना संपल्यावर हवामानावर एवढं बोलण्यासारखं काय असतं, कळत नाही.

घरी आल्यावर मला म्हणाल्या, "उत्तरेश्वर, मी आज तुमच्याशी बोलणार नाही." आणि दार लावून घेतलं. जेवल्याही नाहीत.

खोल्या गेल्या, असं धरून चालतो. मात्र काम नीट केलं, याबद्दल मला शंका नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मॅडम चहा संपेपर्यंत बोलल्या नाहीत. मग कप खाली ठेवला.

"न्हावी चांगला होता, खाटीकही चांगला होता. सगळीकडे माणसे माझ्याच बाजूने टाळ्या वाजवत. पाहुणी म्हणून. भांडायला कोणीच नसे. काल मला आमच्या मैदानावर असल्यासारखे वाटले. तुमचा फार राग आला होता."

"माफ करा मॅडम."

"माफी मागाल तर पुन्हा राग येईल." त्यांनी मोबाइल पुढे केला. पुण्याच्या सरांना सकाळीच लिहिलेलं होतं की जानेवारीत सहाही जण इथेच, तेरला राहतील. मी दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती. "फक्त वरच्या खोल्यांच्या बाथरूमला कडी बसवा," त्या म्हणाल्या. "त्या सहा जणांत कोणालाही गाता येत नाही."

तेवढ्यात आबा तालमीतून आले आणि ओट्यावर बसले. या ओट्यावर ते आजवर बसलेले नाहीत.

"उत्तऱ्या, ड्रमलॉनची लढत आता कुणाशी?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं की जिंकलेलं गाव शेजारच्या जिल्ह्यातल्या गावाशी खेळतं, नोव्हेंबरमध्ये. "परंतु मी ड्रमलॉनसाठी ओरडणार नाही," त्या म्हणाल्या. "मेले तरी नाही."

"तुला कोण सांगितलंय वरडायला? ड्रमलॉनचा माणूस हाय आमच्यापाशी." आबांनी माझ्याकडे हनुवटी केली. "समोरच्यांचं हितं कोण हाय? त्यांच्या बाजूनं तू बस."

मॅडमनी थोडा विचार केला. मग खोलीत जाऊन काठी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर आपटून म्हणाल्या, "बसते."

आबा उठले. जाता जाता म्हणाले, "वरच्या कड्या म्या बसवतो. तुझ्या त्या सुताराला खिळा मारता येत न्हाय."

दुपारी ते जिना चढून वर गेले. त्यांच्या हातात बारीक खिळ्यांची पुडी होती आणि पत्र्याची एक उरलेली पट्टी. लोहाराकडून आणली असावी.